मुद्दाम वाकडा काढलेला तांब्या

आठवीच्या पहिल्याच चित्रकलेच्या तासाला मी फळ्यावर जो तांब्या काढला, तो मुद्दाम वाकडा काढला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरांना तर नाहीच नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? शाळकरी पोरानं तांब्या वाकडा काढला, त्यात कबूल करण्यासारखं काय आहे? मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण त्या तांब्यावर पुढं एका माणसानं आपला सगळा विश्वास टाकला, माझं स्वतःचं पोट त्यावर चाललं, आणि सरांची मुलगी त्या तांब्यापायी आजही स्वतःला आळशी समजते. म्हणून लिहायला बसलोय. क्रमानं सांगता येईल असं वाटत नाही, कारण माझ्याच डोक्यात ते क्रमानं नाही.

सर मुखेडला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळचे उदगीरचे. घरचं भांड्यांचं दुकान होतं, ते भाऊ चालवायचे. वाटण्या झाल्या तेव्हा म्हणे सरांनी दुकानातलं काहीच मागितलं नाही, मांडणीवरचा एक पितळी तांब्या उचलला आणि निघाले. खरं-खोटं कोण जाणे. तांब्या मात्र होता. रोज सकाळी तो हातात धरून सर बसस्टँडच्या बाजूच्या गल्लीतून शाळेकडं चालत येत. आता सकाळी सकाळी तांब्या घेऊन निघालेल्या माणसाला आपल्याकडं लोक काय विचारणार? चहाच्या हॉटेलातनं आवाज यायचाच, "काय सर, इकडं कुठं? रान तर तिकडं ऱ्हायलं!"

सर थांबायचे. गंभीरपणे सांगायचे, "रानाकडं न्हाई. आठवी ब ला चाललोय."

सगळं हॉटेल हसायचं. त्यात हसण्यासारखं काय आहे हे सरांना कळत होतं की नाही, मला सांगता यायचं नाही. कळत असावं. या माणसाला काय कळत होतं आणि काय नव्हतं, याचाच तर माझा सगळा घोळ आहे.

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. दुपारपर्यंत घामानं खालचा पट्टा पुसला जायचा आणि पोरं त्यावरून सुटायला किती वेळ राहिला ते सांगायची. मधेच कानडी बोलायचे. "नोड! नोड!" असं एकदम ओरडले की नवी पोरं दचकायची, त्यांना ती शिवी वाटायची. नोड म्हणजे बघ. एवढा एकच शब्द त्यांनी आम्हाला खऱ्या अर्थानं शिकवला असं मी आता म्हणतो, पण तेव्हा मीही दचकायचो.

वर्गात खोडरबर चालत नसे. कुणाकडं सापडला की सर तो खिडकीतून बाहेर फेकत. खिडकीखाली शेळ्या बसलेल्या असायच्या, आणि शेळ्या तो खातात का हे बघायला आख्खा वर्ग गजांना चिकटायचा. "चुकलेली रेघ ऱ्हाऊ द्या लेकांनो," सर म्हणायचे. "ती हाय म्हणून दुसरी कुठं मारायची ते कळतंय."

बाजाराच्या दिवशी ते भाजीवाल्यांपुढं जाऊन उभे राहायचे. एक म्हातारी वांगी विकायची, तिच्यासमोर तर ठाण मांडून. म्हातारी चिडायची. "ओ मास्तर, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?"

"बघायचंय."

"मग सरका. तुमच्या सावलीत गिऱ्हाईकाला दिसंना."

सर सरकायचे, पण एक पाऊलच. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वांग्याच्या देठाबद्दल इतकं बोलायचे, की आम्हाला घरी वांग्याची भाजी खाताना अवघडल्यासारखं व्हायचं.

एकच गोष्ट त्यांना सहन होत नसे. कुणी 'जन्मजात', 'देणगी', 'दैवी' असं काही बोललं की ते बिथरायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोराचं चित्र बघून कौतुकानं म्हटलं, "याच्या हातात कला आहे." सरांनी त्या पोराचा हात धरला, उताणा केला, पालथा केला, बोटं फाकवून बघितली आणि साहेबांच्या नाकापुढं नेला. "कुठं हाय? मला तर दिसंना. दाखवा बरं." साहेब कसनुसं हसले. पोरगं रडायला लागलं. त्याला वाटलं आपल्या हाताला काही झालंय.

त्यांचा वर्गाचा नियम यातूनच आलेला. वर्षाच्या पहिल्या तासाला तांब्या टेबलावर ठेवायचा आणि एकेकाला फळ्यावर तो काढायला लावायचा. ज्याचा बरा आला त्याला सर म्हणायचे, "छान. मागं जाऊन बस." ज्याचा बिघडला तो पुढच्या बाकावर, अगदी टेबलाला चिकटून. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, "अहो, हुशार पोरं मागं का बसवता?" सर म्हणाले, "त्येंना द्यायला माझ्याकडं काय हाय? ज्याला येत न्हाई त्याचा मी मास्तर."

माझे वडील एसटीत ड्रायव्हर. त्या जूनमध्ये त्यांची बदली होऊन आम्ही मुखेडला आलो होतो. शाळेत मला कुणी ओळखत नव्हतं, माझ्याशी कुणी धड बोललंही नव्हतं. माझ्या आधीच्या पोरानं सुबक तांब्या काढला आणि तो मागं, खिडकीपाशी गेला. त्याच्या आधीच्यानं भोपळ्यासारखं काहीतरी काढलं होतं, तर सर खदखदून हसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा रे वा, तू माझा!" मला तो हात पाहिजे होता. दुसरं काही कारण नव्हतं. मी खडू घेतला आणि तांब्या एका कुशीवर कलंडलेला, एका बाजूनं फुगलेला काढला.

"तू माझा," सर म्हणाले.

आता मला येत होतं का? हे सांगायचं तर मामाचं सांगायला लागेल. नांदेडजवळच्या मुदखेडच्या पलीकडं मामाचं गाव. मामा शेती करायचा, आणि लग्नसराईत दारं रंगवायचा. लग्नघराची भिंत चुन्यानं पांढरी झाली की मामाला बोलावणं यायचं. दाराच्या वर शुभविवाह, नवरा-नवरीचं नाव, दोन्ही अंगाला एकेक हत्ती आणि हत्तीच्या मागं भाला धरलेला चोपदार. मला कळायला लागलं तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाबरोबर असायचो. आधी रंग कालवायला, मग हत्तीची झूल भरायला, मग एक दिवस मामा म्हणाला, "डावा हत्ती तू काढ." काढला. लग्नाला आलेली माणसं दोन्ही हत्ती बघायची आणि मामा मिशीवर ताव देऊन सांगायचा, "भाच्याच्या हातातच हाय. शिकवावं लागलंच न्हाई."

मामा म्हणायचा हातातच आहे. सर म्हणायचे हातात काही नसतं. आणि दोघांच्या मधे मी, मामाकडं हत्ती काढणारा आणि सरांकडं तांब्या कलंडवणारा.

मुद्दाम वाईट काढणं सोपं असेल असं वाटतं. नाही. एकदम सुधारून चालणार नव्हतं, म्हणजे मागं जावं लागलं असतं. अजिबात न सुधारूनही चालणार नव्हतं, सरांचा चेहरा पडायचा. म्हणून मी चुकण्याचा सराव करायचो. वर्गात शेजारच्या पोराचं चित्र निरखून बघायचो, त्याची रेघ नेमकी कुठं ढळते, कडेपाशी येऊन हात कसा घाबरतो. मग घरी तसं काढायचो. दर आठवड्याला थोडं थोडं बरं. पोळ्यापर्यंत तांब्या उभा राहिला, दसऱ्याला पोटाचा फुगा नीट जमला, आणि दिवाळीच्या आधी एक धड तांब्या मी कागदावर उतरवला. सर तो कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत धावले. धावले म्हणजे खरंच धावले. "बघा! जूनमधी ह्याला रेघ मारता येत नव्हती! काय म्हणता आता? देणगी?"

खोलीतनं गणिताच्या बाईंचा आवाज आला, "सर, भस्म पुसलंय. घरी जायची वेळ झाली."

मी दाराशी उभा होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते इतके खूश होते.

आता यातली गुंतागुंत सांगतो. ती मला उशिरा, अगदी अलीकडं कळली. माझा पहिला कलंडलेला तांब्या बघून सरांनी त्याच्या कलंडण्याला हातही लावला नव्हता. "हे वाकडं ऱ्हाऊ दे, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले होते. "बूड बघ, बूड. तोंड गोल काढलास, म्हणजे वरनं बघायलास. मग बूड सपाट कसं? डोळे दोन जागी ठेवलेस का?"

आणि बूड सपाट मी मुद्दाम काढलं नव्हतं. मला ते तसंच असतं असं वाटत होतं. मामाच्या हत्तींचे पायही खाली फळीसारखे सपाट असायचे. म्हणजे मी जे खोटं चुकवलं ते सरांनी सोडून दिलं, आणि मला जे खरंच येत नव्हतं त्यावर बोट ठेवलं. मग मी नाटक करत होतो, की नाटक करता करता शिकत होतो? त्या वर्षीच्या माझ्या कागदांवर दोन तऱ्हेच्या चुकलेल्या रेघा असतील, खऱ्या आणि खोट्या. आज कुणी ते कागद समोर ठेवले, तर मलाच त्या वेगळ्या करता यायच्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं, मुखेडजवळच्याच खेड्यात. दार रंगवायला त्यांनी माझ्या मामाला बोलावलं, कारण वडिलांनीच नाव सुचवलं होतं. मी मामाबरोबर गेलो. डावा हत्ती माझा. लग्नाच्या दिवशी सर येणार हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

सर आले. मांडवात न बसता दारापाशी गेले. उजवा हत्ती बघितला, डावा बघितला. मग डाव्यापुढं उकिडवे बसले. लोक अक्षता हातात घेऊन त्यांना वळसा घालून आत जात होते. सर हत्तीच्या पायाकडं बघत होते. मीही बघितलं. उजव्या हत्तीचे पाय फळीसारखे सपाट होते. माझ्या हत्तीचे पाय खालून गोल होते, तांब्याच्या बुडासारखे. मला कळलंही नव्हतं मी ते कधी तसे काढले.

"कुणी काढले हे?" सरांनी विचारलं.

मामा पुढं झाला. तोंड उघडलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी 'नको' अशी मान हलवली, एवढीशीच, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी.

"म्याच," मामा म्हणाला. "दोन्ही म्याच काढले."

सर उठले. गुडघ्यावरची माती झटकली. "उजवा आठवून काढलाय," ते म्हणाले. "डाव्यानं कुठंतरी बघायला सुरवात केलीय." आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

जेवणाच्या पंगतीत मामा माझ्याशेजारी बसला होता. बुंदी तशीच पुढं ठेवून म्हणाला, "कामून रे? लाज वाटली का आमची?"

मी नाही म्हणालो. खरं कारण सांगता येईना. त्यानंतर मामानं मला दार रंगवायला कधी बोलावलं नाही. मी गेलो की चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, ब्रश मात्र माझ्या हातात यायचा नाही. गेल्या वर्षी मामा वारला. आता गावात लग्नाला छापील फ्लेक्स लावतात. माझे हत्ती असलेली भिंत कुठं असेल तर तिच्यावर एव्हाना कितीदा तरी चुना बसला असेल.

सरांनी त्या दिवशी ओळखलं होतं का? ओळखलं असेल तर बोलले का नाहीत? आणि ओळखलं असेल, तर पुढं सगळ्या आयुष्यात गावोगाव माझं उदाहरण का देत राहिले? या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मी इतक्यांदा स्वतःला दिली आहेत, की आता दोन्ही सारखीच खरी वाटतात.

नंदाचं सांगायला मी टाळतोय, हे मला लिहिताना कळतंय.

महानंदा सरांची एकुलती मुलगी, माझ्याहून दोन वर्गांनी मागं. तिला आकडे दिसायचे. म्हणजे कसं, दुकानात वाण्याचा हिशेब संपायच्या आत ती उत्तर सांगायची आणि वाणी चिडून पुन्हा बेरीज करायचा. उदगीरच्या काकांनी म्हटलं होतं, पोरीला कॉमर्सला घाला, आमच्या दुकानाचं सोनं करेल. सर म्हणाले, ती चित्रकार होणार. नंदाला चित्र येत नव्हतं, आणि म्हणूनच सरांना ते तिलाच शिकवायचं होतं.

"अप्पा, मला येईना," ती म्हणायची.

"त्याला येत होतं का?" सर म्हणायचे. तो म्हणजे मी. "त्याला रेघ मारता येत नव्हती. एका वर्षात आलं. तू कमी बसतीस."

ती रोज पहाटे तांब्या काढायची. मी त्यांच्या घरी गेलो की पडवीत ती पाट घेऊन बसलेली असायची, बोटं काळी झालेली. मी जायचो तेव्हा मान वर करून विचारायची, "दादा, तुम्हाला कसं काय आलं हो?"

"बसलो," मी म्हणायचो. "बसत राहिलो."

बारावीनंतर तिनं नांदेडला एटीडीच्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या, प्रवेशासाठी चित्रं काढून दाखवली. नाही झालं. पुढच्या वर्षी पुन्हा. पुन्हा नाही. तेव्हा मी तिथंच पुढचा कोर्स करत होतो. माझं नाव भिंतीवरच्या निकालाच्या यादीत, तिचं प्रवेशाच्या यादीत नाही. यादीसमोर उभी राहून ती माझं अभिनंदन करत होती. म्हणाली, "माझ्यातच आळस हाय, दादा. अप्पा बरोबर म्हणतात."

इथं सरांच्या त्या चांगल्या, उदार वाटणाऱ्या विचाराची दुसरी बाजू मला पहिल्यांदा दिसली. देणगी नसतेच म्हटलं, की ज्याला आलं नाही त्याच्याकडं दुसरं काही कारणच उरत नाही. तो आळशी ठरतो. पण हे मला तेव्हा स्पष्ट कळलं होतं, असं म्हणणं खोटं होईल. मी तिला रसवंतीवर उसाचा रस पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं.

आज मी लातूरला राहतो. शाळेत चित्रकला शिकवतो आणि रविवारी क्लास घेतो. लातूरचं तुम्हाला माहीत आहे, इथं सगळ्याच गोष्टींचा क्लास असतो आणि इथल्या आई-बापांची खात्री असते की फी भरून पोरगं बसलं म्हणजे येणारच. माझ्या क्लासच्या बोर्डावर लिहिलंय, 'चित्रकला जन्मजात नसते, शिकता येते.' सरांचंच वाक्य. प्रवेशाच्या वेळी आई-बाप शंका काढतात, "याला काहीच येत नाही हो सर." मग मी हसून म्हणतो, "मलाही येत नव्हतं." लोकांना ते फार आवडतं. माझ्याकडं जागा शिल्लक राहत नाही.

त्यात पोरं शिकतात, हेही खरं आहे. एक मुलगा आला तेव्हा पेन्सिल मुठीत धरायचा, आता उत्तम काढतो. दुसरी एक मुलगी चार वर्षं येतेय, तिचा तांब्या अजून कलंडलेलाच आहे. दोघं सारखेच बसतात. मी दोघांना सारखंच शिकवतो. का होतं असं, मला माहीत नाही. पंचवीस वर्षं शिकवून मला हे माहीत नाही.

सरांना शेवटी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. निवृत्तीनंतर ते नांदेडला राहत होते. नंदाचं तोवर औशाला लग्न झालेलं, ती येऊन-जाऊन त्यांचं बघायची. मी भेटायला गेलो तेव्हा दुपार होती. सर कॉटवर टेकून बसलेले, पुढं तांब्या, मांडीवर पाटीला लावलेला कागद आणि डाव्या हातात पेन्सिल. भस्माचे पट्टे नंदानं ओढलेले, त्यामुळे ते सरळ नव्हते.

मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. जीभ जड झाली होती. "ये. आता माझीच परीक्षा हाय. हा हात कोरा हाय. ह्याला कायबी येत न्हाई."

कागदावर रेघांचं जाळं होतं. तांब्या त्यात कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

"एक सांग," सर म्हणाले. "पहिली धड रेघ यायला तुला किती दिवस लागले होते?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते, लग्नात हत्तीच्या पायाकडं बघितलं होतं तसं. आजही मला ठरवता येत नाही. ते खरंच विचारत होते? की इतक्या वर्षांनी मला एक दार उघडून देत होते, की ये, आता तरी सांग? नंदा दारात उभी होती, पदराला हात पुसत. ती पण उत्तराची वाट बघत होती.

"दिवाळीपर्यंत आलं, सर," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. "मग माझंबी दिवाळीपर्यंत होईल."

झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नंतर नंदा फोनवर सांगत होती, अप्पा शेवटपर्यंत पाटी सोडत नव्हते. गेले त्याच्या आदल्या दिवशी पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मीच आळस केला." नंदा हे सांगताना रडत नव्हती. उलट तिला त्यात काहीतरी धीर मिळाल्यासारखा वाटत होता. म्हणाली, "बघा दादा, अप्पासुद्धा!"

मी फोन ठेवला. दिवाळी हा शब्द मी उच्चारला नसता तर त्या माणसाला हे शेवटचं वाक्य बोलावं लागलं नसतं. लागलं असतंही. काय सांगावं. त्यांचा स्वभावच तसा.

आता मागच्या रविवारचं.

नंदा तिच्या मुलीला घेऊन आली. सृष्टी, आठवीतली, काटक, गुडघ्यांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा. खो-खो खेळते, शाळेच्या संघात आहे. नंदा औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नवऱ्याच्या आडतीचा सगळा हिशेब तोंडी सांभाळते, मोंढ्यातले म्हातारे व्यापारी तिला विचारून हिशेबाचा आकडा पक्का करतात. पिशवीतून तिनं सरांचा तांब्या काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"दादा, हिला बसवा तुमच्यासमोर. रविवारचा खो-खो मी बंद केलाय. तांब्या येईस्तोवर बंद."

"मला नाही येत," सृष्टी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाली. "किती काढला तरी नाही येत."

"आळशी हाय," नंदा म्हणाली. "माझ्यावर गेलीय. मी अप्पांचं ऐकलं न्हाई, कमी बसले, म्हणून ऱ्हायलं. हिचं तसं होऊ द्यायचं न्हाई मला." मग ती माझ्याकडं वळली. "तुम्हीच सांगा हिला. तुम्हाला काय येत होतं, हिच्याएवढे होता तेव्हा?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. वर्गातली बाकीची पोरं पेन्सिली थांबवून बघत होती. भिंतीवर बोर्ड होता.

"काही नाही," मी म्हणालो. "रेघसुद्धा मारता येत नव्हती."

सृष्टीनं मान खाली घातली आणि पेन्सिल उचलली. तिनं तोंड गोल काढलं, बूड सपाट काढलं. मी वाकून म्हणालो, "बूड बघ, बूड. डोळे दोन जागी ठेवलेस का?" मला माझाच आवाज सरांसारखा ऐकू आला, आणि त्याचं बरं वाटलं की भीती वाटली हेही मला नीट सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी हे लिहितोय. लिहून काही उलगडेल असं वाटलं होतं. नाही उलगडलं. चित्र हातात असतं की बसण्यात, मामा बरोबर होता की सर, मला माहीत नाही. मी सरांना फसवलं, की सरांनी जाणूनबुजून स्वतःला फसू दिलं, तेही माहीत नाही. मी त्यांच्याकडं शिकलो, की फक्त शिकल्यासारखं केलं, हे तर अजिबात माहीत नाही.

पण थोडं मला नक्की माहीत आहे. फळ्यापाशी गेलो तेव्हा माझ्या हातानं कितीतरी उन्हाळे हत्ती काढलेले होते, आणि तो तांब्या मी मुद्दाम वाकडा काढला. तुझ्यापुढं जे वर्ष माप म्हणून धरलं गेलं, नंदा, ते मापच खोटं होतं. तू आळशी नव्हतीस. तुझे अप्पाही नव्हते.

हे मी इथं लिहिलं आहे. तिच्या समोर बसून, सृष्टीच्या देखत, तोंडानं सांगायचं अजून बाकी आहे.